वाऱ्याचा हिशेब : नॉर्वेतील वीजवितरण आणि भूगोलाचे मोजमाप

घरापर्यंत वीज पोहोचवण्याचा खर्च विजेपेक्षा जमिनीवर अधिक अवलंबून असतो. शहरात एका रोहित्रावर दोनशे घरे असतात आणि बिघाडाच्या जागी पोहोचायला लाईनमनला पंधरा मिनिटे पुरतात. बेटावरच्या मच्छीमार वस्तीला मात्र समुद्राखालून केबल न्यावी लागते. तिथे इन्सुलेटरवर खाऱ्या वाऱ्यातल्या मिठाचा थर बसतो, आणि वादळात खांब पडला तर होडी निघेपर्यंत कोणालाच काही करता येत नाही. या दोन ठिकाणच्या कंपन्यांचा ग्राहकामागचा खर्च शेजारी शेजारी मांडला तर दुसरी कंपनी उधळी दिसते. ती खरोखर उधळी आहे की तिच्या वाट्याला आलेली जमीनच महाग आहे, हे ठरवणे वीज नियामकाच्या कामातला सर्वांत अवघड भाग आहे. नॉर्वेने हा प्रश्न तीन दशके चिकाटीने हाताळला. बर्फ, झाडे आणि वारा यांना तिथे वीजबिलाच्या सूत्रात जागा मिळाली, आणि त्यातले काही नंतर सूत्रातून उठलेही.

या चर्चेत ‘पर्यावरणीय घटक’ हा शब्द प्रदूषणाच्या किंवा निसर्गरक्षणाच्या अर्थाने येत नाही. कंपनीच्या खर्चावर परिणाम करणारी, पण कंपनीच्या हातात नसलेली भोवतालची परिस्थिती एवढाच त्याचा अर्थ. चढउतार, खडक, जंगल, हिमवृष्टी, वाऱ्याचा वेग, किनाऱ्यापासूनचे अंतर आणि विरळ वस्ती हे सगळे त्यात येते.

नॉर्वेची मुख्य भूमी महाराष्ट्राहून किंचित मोठी आणि लोकसंख्या सुमारे ५५ लाख. तीही किनाऱ्याकिनाऱ्याने, खाड्यांच्या तोंडाशी आणि दऱ्यांच्या तळाशी विखुरलेली. वीज या देशात लवकर आली, कारण धबधबे दारात होते. हामरफेस्ट हे अगदी उत्तरेकडचे गाव १८९० मध्ये आगीत जवळपास बेचिराख झाले आणि पुढच्याच वर्षी तिथल्या रस्त्यांवर नगरपालिकेने विजेचे दिवे लावले. हिवाळ्यात सुमारे दोन महिने सूर्य उगवतच नाही अशा गावाला दिव्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नव्हते. नोर्स्क हायड्रो ही कंपनी १९०५ मध्ये स्थापन झाली आणि तिने जलविद्युतीवर खतांचा मोठा उद्योग उभारला. पण घरगुती वीज बहुतांशी नगरपालिका आणि ग्रामपालिकांच्या हाती राहिली. ज्या दरीत धबधबा, त्या दरीची स्वतःची वीजकंपनी. १९२१ मध्ये जलसंपत्ती आणि विजेचा कारभार पाहण्यासाठी राष्ट्रीय संचालनालय स्थापन झाले. तेच पुढे एनव्हीई या नावाने नियामक झाले.

या व्यवस्थेत भूगोलाचा हिशेब कोणी मागत नव्हता. गावाची कंपनी गावाचीच असल्यामुळे खर्च जास्त आला तर दर वाढत, नाहीतर पालिकेच्या तिजोरीतून भरपाई होई. शेजारच्या दरीत काय चालले आहे याच्याशी तुलना करण्याचे कारणच नव्हते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला देशात दोनशेहून अधिक वितरण कंपन्या होत्या. काहींचे ग्राहक जेमतेम एक-दोन हजार, तर ऑस्लोसारख्या ठिकाणी लाखो.

२९ जून १९९० रोजी नॉर्वेच्या संसदेने नवा ऊर्जा कायदा संमत केला. १ जानेवारी १९९१ पासून तो अंमलात आला आणि विजेची खरेदी-विक्री खुली झाली. ग्राहकाने वीज कोणाकडून घ्यायची हे तो स्वतः ठरवू लागला. तारांच्या बाबतीत हे शक्य नव्हते. एका गल्लीत दोन कंपन्यांनी दोन खांबांच्या रांगा रोवण्यात अर्थ नाही, त्यामुळे वितरण ही मक्तेदारी राहिली आणि तिच्या दरावर लक्ष ठेवणे एनव्हीईकडे आले. १९९३ ते १९९६ या काळात सोपी पद्धत होती. कंपनीने झालेला खर्च दाखवायचा, गुंतवणुकीवर ठरावीक परतावा घ्यायचा आणि ती रक्कम ग्राहकांकडून वसूल करायची. या पद्धतीचा दोष जुनाच होता. हार्वे अॅव्हर्च आणि लेलंड जॉन्सन या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी तो १९६२ मध्ये दाखवून दिला होता : गुंतवणुकीवर परतावा हमखास असेल तर कंपनीला गरजेपेक्षा जास्त भांडवल ओतण्याचा मोह होतो. काटकसर करणाऱ्याला या पद्धतीत काहीच मिळत नाही.

ब्रिटनने दुसरा मार्ग काढला होता. स्टीफन लिटलचाइल्ड यांनी १९८३ मध्ये दूरध्वनी कंपनीसाठी एक सूत्र सुचवले : दर महागाईच्या मानाने वाढू द्यायचे, पण त्यातून दरवर्षी काही ठरावीक टक्के वजा करायचे. कंपनीने त्याहून अधिक बचत केली तर पुढच्या फेरतपासणीपर्यंत ती तिची. १९९० मध्ये इंग्लंड आणि वेल्समधल्या बारा वितरण कंपन्या खासगी झाल्या तेव्हा त्यांना हेच सूत्र लागू झाले आणि लिटलचाइल्ड स्वतः त्यांचे नियामक झाले. वजा करायचे टक्के किती, हा मात्र अंदाजाचा खेळ होता. १९९४ मध्ये ठरवलेले दर फारच सैल असल्याचे कंपन्यांच्या चढत्या शेअरभावांनी दाखवून दिले, आणि मार्च १९९५ मध्ये नियामकाला स्वतःचाच निर्णय पुन्हा उघडावा लागला. कंपनीला तिचा खर्च विचारून भागत नाही हे तेव्हा सर्वांच्या लक्षात आले. तिच्यासारख्याच इतरांचा खर्च पाहावा लागतो. ही कल्पना आंद्रेई श्लायफर यांनी १९८५ च्या एका लेखात मांडली होती. मक्तेदार कंपन्यांमध्ये बाजारातली स्पर्धा नसली तरी नियामक त्यांना एकाच फूटपट्टीने मोजून कागदावरची स्पर्धा लावू शकतो. अट एकच, मोजल्या जाणाऱ्या कंपन्या एकसारख्या हव्यात. नाहीतर त्यांच्यातल्या फरकाचा हिशेब आधी लावायला हवा.

ब्रिटनमध्ये स्कॉटलंड धरूनही चौदाच वितरण कंपन्या होत्या. नॉर्वेत दोनशेहून अधिक होत्या. तुलनेच्या शास्त्राला एवढे मोठे मैदान दुसरीकडे क्वचितच मिळाले असेल.

१९९७ मध्ये एनव्हीईने महसुलाची मर्यादा लागू केली. १९९४ आणि १९९५ च्या खर्चावरून प्रत्येक कंपनीचा पाया ठरला आणि त्यात दरवर्षी कपात अपेक्षित होती. सगळ्यांसाठी समान कपात १.५ टक्का. पुढे त्यावर प्रत्येक कंपनीच्या अकार्यक्षमतेनुसार वेगळी कपातही आली. अकार्यक्षमता मोजण्यासाठी निवडलेले साधन डीईए या नावाने ओळखले जाते. त्याचे मूळ मायकेल फॅरेल यांच्या १९५७ च्या लेखात आहे आणि आजचे गणिती रूप चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स यांनी १९७८ मध्ये दिले. नॉर्वेच्या वितरण कंपन्यांवर ते आधीच वापरून पाहिले गेले होते. स्वेरे किट्टेल्सेन यांनी १९९३ मध्ये कोणते घटक मोजमापात घ्यावेत याचा पायरीपायरीने अभ्यास केला. फिन फोरसुंड यांच्यासोबत त्यांनी १९८० च्या दशकातली उत्पादकताही मोजली. त्या अभ्यासात ग्राहकसंख्या आणि दिलेली वीज यांच्या जोडीला अंतराचा एक निर्देशांक होता. विखुरलेल्या वस्तीची पहिली दखल अशी घेतली गेली.

डीईएची रीत व्यवहारी माणसाला पटण्यासारखी आहे. समजा एका कंपनीचे पाच हजार ग्राहक आहेत, तिच्या तारा चारशे किलोमीटर आहेत आणि खर्च १०० आहे. इतर कंपन्यांचे तुकडे जोडून अगदी तेवढेच ग्राहक आणि तेवढ्याच तारा असलेली एक कल्पित कंपनी तयार करायची. तिचा खर्च ८० निघाला तर पहिली कंपनी ८० टक्के कार्यक्षम. प्रत्येक कंपनीची तुलना तिला सर्वांत अनुकूल पडेल अशा मापाने होते, त्यामुळे तक्रारीला जागा कमी उरते. पण जे मोजमापात घेतलेले नाही ते या गणिताला दिसत नाही. चारशे किलोमीटर तारा सपाट शेतातून गेल्या आहेत की सूचिपर्णी झाडांच्या जंगलातून, याचा त्याला पत्ता नसतो.

निसर्ग खर्च नेमका कसा वाढवतो हे इथे सविस्तर पाहावे लागते, कारण पुढची सगळी भांडणे यावरच झाली. ओला बर्फ तारेवर साचून गोठला की तारेचे वजन कितीतरी पटींनी वाढते. खांब जवळजवळ रोवावे लागतात, जाड तार घ्यावी लागते, आणि एवढे करूनही तार तुटते. बर्फाखाली गाडल्या गेलेल्या वाटेने दुरुस्तीचे पथक स्नोस्कूटरवरून किंवा हेलिकॉप्टरने पाठवावे लागते. जंगलाचा त्रास वेगळा. तारेखालचा पट्टा दर काही वर्षांनी तोडावा लागतो, आणि पट्ट्याबाहेरचे उंच झाड वादळात आडवे पडले तर तार घेऊनच पडते. सूचिपर्णी झाडे वाऱ्यात मुळासकट उन्मळतात, तर पानगळीची झाडे लवकर वाढतात आणि पट्टा लवकर भरून काढतात. म्हणजे कोणते जंगल हेही महत्त्वाचे. किनाऱ्यावर मीठ आणि वारा एकत्र काम करतात. लोखंड गंजते, इन्सुलेटरवर मिठाचा थर बसतो आणि दमट हवेत त्यावरून ठिणग्या उडतात. खडकात खांबासाठी खड्डा घ्यायचा तर सुरुंग लावावा लागतो, आणि केबलसाठी चर खणायचा तर त्याहून वाईट. यात भर म्हणजे हे घटक सुटे येत नाहीत. जिथे डोंगर तीव्र तिथे बर्फ जास्त, किनारा तिथे वारा, उत्तर तिथे थंडी आणि विरळ वस्तीही. त्यातल्या एकाचा खर्च दुसऱ्यापासून वेगळा काढणे संख्याशास्त्रालाही जड जाते.

१ जानेवारी १९९२ रोजी, म्हणजे नव्या कायद्याला एक वर्ष होत असतानाच, नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर चक्रीवादळाच्या जोराचे वारे आदळले. ‘नववर्षाचे वादळ’ म्हणून ते आजही तिकडे लक्षात आहे. खर्च कमी करण्याचे बक्षीस देणाऱ्या पद्धतीत अशा वादळामागे एक धोका दडलेला असतो. झाडतोड पुढे ढकलली, जुना खांब आणखी पाच वर्षे चालवला, तर खर्च आज कमी दिसतो आणि त्याची किंमत पुढच्या वादळात ग्राहक अंधारात बसून मोजतो. यावर उपाय म्हणून २००१ पासून एनव्हीईने न पोहोचलेल्या विजेची किंमत कंपनीच्या खात्यात टाकायला सुरुवात केली. वीज गेल्याने ग्राहकाचे जे नुकसान होते, ते कंपनीचाच खर्च मानायचे. सुरुवातीला तीन मिनिटांहून लांबलेले खंड मोजले गेले. २००९ पासून त्याहून लहान खंडही आले. न्याय्यतेच्या दृष्टीने हे पाऊल मोठे होते, पण त्याने भूगोलाचा प्रश्न दुप्पट झाला. किनाऱ्यावरच्या कंपनीला आता उभारणीच्या जादा खर्चाबरोबर वाऱ्यामुळे होणाऱ्या खंडांचाही भुर्दंड बसू लागला.

२००७ ची पुनर्रचना या सगळ्या अनुभवातून आली. पाच वर्षांच्या कालखंडाऐवजी दरवर्षी तुलना सुरू झाली. कंपनीच्या महसुलाचा एक भाग तिच्या स्वतःच्या खर्चावर आणि उरलेला तुलनेतून निघणाऱ्या ‘प्रमाण खर्चा’वर ठरू लागला. आधी दोन्हींचा वाटा निम्मा-निम्मा होता, २००९ पासून प्रमाण खर्चाचा वाटा ६० टक्के झाला. तुलनेच्या यादीत ग्राहक, वीज, तारा आणि रोहित्रे होतीच, सुट्टीच्या लाकडी घरांची वेगळी नोंदही होती. नॉर्वेजियन माणसाचे डोंगरातले घर वर्षातले काही आठवडेच वापरात असते, पण तार तिथवर न्यावीच लागते. त्याशिवाय प्रथमच बर्फ, जंगल आणि किनारी वारा असे तीन भौगोलिक निर्देशांक आले. कंपन्यांच्या तारांचे नकाशे हवामानाच्या नोंदी आणि वनांच्या नकाशांवर ठेवून ते काढलेले होते.

ही कल्पना धाडसी होती, पण तिची रचना थोडी गमतीचीही होती. डीईएमध्ये कंपनी जे ‘देते’ ते उत्पादन म्हणून मोजतात. त्यामुळे हिशेबात ग्राहक आणि वीज यांच्याच रांगेत बर्फ उत्पादन म्हणून बसला, जणू वितरण कंपनी बर्फच पुरवते. गणिताला त्याचे काही वाटत नाही. खरी अडचण दुसरी होती. या पद्धतीत नवा घटक घातला की कोणाचाही गुण कमी होत नाही, अनेकांचा वाढतो. सर्वांत जास्त बर्फाच्या कंपनीला तिच्यासारखी दुसरी सापडत नाही आणि ती आपोआप शंभर टक्के कार्यक्षम ठरते, मग तिचा कारभार कसाही असो. पुरेसे घटक घातले तर सगळेच कार्यक्षम. एनव्हीईच्या यादीत घटक वाढत गेले तसतशी फूटपट्टी बोथट होत गेली. दुसरा पेच असा, की निर्देशांक उघड्या तारांच्या लांबीशी गुणलेला असेल तर तारा जमिनीखाली नेणाऱ्या कंपनीचा भौगोलिक भत्ता कमी होतो. निसर्गाशी जुळवून घेण्याचा शहाणपणाचा उपाय करणाऱ्याचेच नुकसान.

२०१० च्या सुमारास म्हणून दोन टप्प्यांची पद्धत आली. पहिल्या टप्प्यात भूगोल बाजूला ठेवून मोजक्या घटकांवर तुलना करायची. दुसऱ्या टप्प्यात, कंपनीची परिस्थिती ती ज्यांच्याशी तोलली गेली त्यांच्यापेक्षा किती कठीण आहे हे पाहून तिचा गुण दुरुस्त करायचा. ही दुरुस्ती मनाने ठरवलेली नसते. सगळ्या कंपन्यांच्या आकड्यांवरून प्रतिगमनाने तिचे मूल्य काढतात. २०१३ नंतरच्या रूपात पहिल्या टप्प्यातले घटक तीनवर आले : ग्राहक, उच्च दाबाच्या तारांची लांबी आणि रोहित्रांची संख्या. भूगोलाचे बरेच घटक एकत्र गुंफून संयुक्त निर्देशांक तयार झाले. उतार, पानगळीचे जंगल आणि छोटे जलविद्युत प्रकल्प यांच्या निर्देशांकाला ‘फ्येल्बेक’, म्हणजे डोंगरी ओढा, असे नाव मिळाले. बेटे, वारा आणि किनाऱ्यापासूनचे अंतर मिळून ‘ओइविन्द’. नॉर्वेजियन भाषेत ‘ओइ’ म्हणजे बेट आणि ‘विन्द’ म्हणजे वारा, पण ओइविन्द हे तिथले पुरुषाचे नेहमीचे नावही आहे. तिसरा, थंडी-बर्फाचा, तो ‘फ्रॉस्ट’. सरकारी सूत्रात एवढा विनोद सहसा सापडत नाही.

छोटे जलविद्युत प्रकल्प या यादीत कसे, असा प्रश्न पडू शकतो. तीव्र उताराच्या दरीत ओढ्याओढ्यावर लहान यंत्रे बसवलेली असतात आणि त्यांना जाळ्याशी जोडून घेण्यासाठी वितरण कंपनीला तारा मजबूत कराव्या लागतात. घटक मानवी असला तरी त्याचे मूळ भूगोलातच आहे.

या निर्देशांकांचा पैशातला अर्थ साध्या आकड्यांत पाहता येतो. एका कंपनीचा खर्च १०० आणि तुलनेतून निघालेला प्रमाण खर्च ८० असेल, तर तेव्हाच्या ६० टक्क्यांच्या नियमाने तिला ४० अधिक ४८, म्हणजे ८८ मिळत. वारा नीट मोजल्यावर प्रमाण खर्च ९० ठरला तर ४० अधिक ५४, म्हणजे ९४. खांब तेच, माणसे तीच, ग्राहकही तेच, पण एका निर्देशांकाने खर्चाच्या सहा टक्के एवढा महसूल हलला. एनव्हीई सगळ्या कंपन्यांची एकत्रित वसुली एकत्रित खर्चाशी जुळवून घेते, त्यामुळे एकाला मिळालेला भत्ता शेवटी इतरांच्या वाट्यातून जातो. किनाऱ्याच्या कंपन्या वाऱ्यासाठी आणि डोंगरातल्या बर्फासाठी वकिली करतात, त्याचे कारण हेच.

अभ्यासकांनी या प्रश्नाची जी उलटतपासणी केली ती नियामकांच्या दृष्टीने अस्वस्थ करणारी आहे. क्रिस्टियन ग्रोविच, तूराज जमास्ब आणि हाइके वेट्झेल यांनी २००१ ते २००४ या काळातल्या १२८ नॉर्वेजियन कंपन्या घेतल्या आणि भूगोल व हवामानाचे जवळपास शंभर घटक गोळा करून ते मोजक्या संयुक्त घटकांत बसवले. नेहमीच्या पद्धतीने पाहिले तर त्यांतल्या काहींचा खर्चावर ठळक परिणाम दिसला. मग त्यांनी प्रत्येक कंपनीचा स्वतःचा न बदलणारा वेगळेपणा गणितात मोकळा सोडला. तसे करताच निसर्गाचा परिणाम नाहीसा झाला आणि कंपन्यांची सरासरी कार्यक्षमता बरीच वर गेली. कारण समजायला कठीण नाही. डोंगर वर्षानुवर्षे बदलत नाही, आणि कित्येक कंपन्यांचा गलथान कारभारही बदलत नाही. चार वर्षांच्या आकड्यांत ही दोन स्थिर कारणे एकाच रंगाची दिसतात. सगळा वेगळेपणा निसर्गाच्या खात्यात टाकला तर आळशी कंपनी सुटते, सगळा कारभाराच्या खात्यात टाकला तर बेटावरची कंपनी बुडते. ब्रिटिश कंपन्यांवरच्या २००९ च्या एका अभ्यासात, ज्यात जमास्ब यांचाही सहभाग होता, हवामानाचा सरासरी परिणाम लहान निघाला, पण काही कंपन्यांच्या बाबतीत तो दखल घेण्याजोगा होता. सरासरीने समाधान होते ते नियामकाचे. कंपनी बुडते ती तिच्या स्वतःच्या आकड्याने.

इतर देशांनी वेगळ्या वाटा धरल्या. चिलीने १९८२ च्या कायद्यापासून ‘आदर्श कंपनी’ कागदावर रचण्याची रीत घेतली : अशा प्रदेशात शहाणी कंपनी शून्यापासून उभी केली तर किती खर्च येईल, तेवढाच दर. स्वीडनने २००० च्या दशकात ग्राहकांच्या जागांवरून संगणकाने एक काल्पनिक जाळे आखायला सुरुवात केली आणि कंपन्यांचे दर त्याच्याशी ताडले. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि ते प्रतिमान अखेर सोडून द्यावे लागले. मधल्या काळात ८ जानेवारी २००५ च्या रात्री गुद्रुन नावाचे वादळ दक्षिण स्वीडनवरून गेले. सुमारे साडेसात कोटी घनमीटर जंगल आडवे झाले आणि सात लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली. काही खेड्यांत ती परत यायला आठवडे लागले. स्वीडनने यानंतर निर्देशांक सुधारण्याऐवजी कायदाच कडक केला : बारा तासांहून लांबलेल्या खंडासाठी ग्राहकाला भरपाई, आणि २०११ पासून चोवीस तासांहून अधिक काळ वीज जाऊ न देण्याचे बंधन. जंगल हा खर्चाचा बहाणा राहिला नाही. कंपन्यांनी तारा जमिनीखाली नेल्या आणि त्याचा खर्च दरात आला.

स्कॉटलंडची वाट त्याहून जुनी. टॉम जॉन्स्टन यांच्या पुढाकाराने १९४३ च्या कायद्याने उत्तर स्कॉटलंडचे जलविद्युत मंडळ स्थापन झाले. डोंगराळ भागातल्या विरळ वस्तीला वीज देणे ही त्या मंडळाची सामाजिक जबाबदारीच मानली गेली, आणि जलविद्युतीच्या नफ्यातून वितरणाचा तोटा भरून काढला जाई. बाजार खुला झाल्यावर ही आतली भरपाई टिकवणे अवघड झाले. तेव्हा २००४ च्या कायद्याने उच्च वितरण-खर्चाच्या प्रदेशासाठी देशभरातल्या पुरवठादारांकडून वर्गणी गोळा करण्याची सोय झाली. इथे भूगोल मोजण्याची खटपटच नाही. हायलँड्स महाग आहेत हे संसदेने मान्य केले आणि पैसे दिले. प्रामाणिकपणात ही रीत निर्देशांकाहून सरस आहे, पण कारभार सुधारायला ती काहीच भाग पाडत नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न निराळ्या रूपात आहे. लिटलचाइल्ड यांच्या सूत्रातली मूळ कल्पना, म्हणजे बहुवर्षीय दर आणि कार्यक्षमतेचे बक्षीस, २००३ च्या वीज कायद्यातून भारतात आली. पण २००५ मध्ये वीज मंडळाच्या विभाजनातून झालेल्या महावितरणकडे मुंबईचा बराच भाग सोडून जवळजवळ सगळे राज्य आहे. कोकणचा किनारा, सह्याद्रीचा घाटमाथा, मराठवाड्यातले कृषिपंप आणि गडचिरोलीचे जंगल हे सगळे एकाच हिशेबवहीत. तुलनेला दुसरी कंपनीच नसेल तर निर्देशांकाचे काम उरत नाही. राज्यभर समान दरपत्रक असल्यामुळे किनाऱ्याचा जादा खर्च सगळ्यांच्या बिलात विरघळतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि रत्नागिरीतले हजारो खांब पाडले. अशा खर्चाला राज्य नियामक आयोगाच्या नियमांत ‘नियंत्रणाबाहेरचे घटक’ असे नाव आहे आणि तपासणीनंतर तो दरात टाकता येतो. वादळाची दखल घेतली जाते ती ते येऊन गेल्यावर. दरवर्षीच्या खाऱ्या हवेला आणि दरवर्षी वाढणाऱ्या फांद्यांना वेगळे खाते नाही. भूगोल उघडपणे मान्य झालेला दिसतो तो सेवेच्या मानकांत, जिथे खंडित वीज पूर्ववत करण्याची मुदत शहरासाठी कमी आणि ग्रामीण भागासाठी जास्त आहे.

नॉर्वेतही ग्राहकाच्या पातळीवर भूगोल पूर्णपणे मिटलेला नाही. निर्देशांकाने कंपनीला न्याय मिळाला तरी महाग प्रदेशातल्या ग्राहकाचे तारांचे भाडे जास्तच राहते. त्यावर सरकारने अर्थसंकल्पातून महाग भागांना अनुदान दिले, आणि उत्तरेकडच्या तीन परगण्यांत घरगुती वापराच्या विजेवर मूल्यवर्धित करच लावलेला नाही. म्हणजे नॉर्वेत कंपनीसाठी सूत्र आहे आणि माणसासाठी अनुदान. हे दोन प्रश्न वेगळे ठेवण्यातच त्या देशाचा शहाणपणा दिसतो. निर्देशांक अचूक आहेत असा दावा एनव्हीईनेही केला नाही. ते दर काही वर्षांनी बदलले गेले, प्रत्येक बदलाचा मसुदा कंपन्यांपुढे ठेवला गेला आणि आकडे प्रसिद्ध झाले. ओइविन्दमध्ये काय आहे हे कोणीही तपासू शकतो.

दरम्यान लहान कंपन्या एकमेकींत विलीन होत गेल्या आणि दोनशेहून अधिक असलेली संख्या शंभराच्या आसपास आली. २०११ च्या नाताळात दागमार वादळाने पश्चिम किनारा पुन्हा अंधारात ढकलला, आणि त्यानंतरही तुलनेची पद्धत टिकली. एनव्हीईमधल्या स्वतंत्र ऊर्जा नियामकाने २०२३ पासून प्रमाण खर्चाचा वाटा ६० वरून ७० टक्क्यांवर नेला. वरच्याच उदाहरणातल्या कंपनीला आता ८८ ऐवजी ८६ मिळतात, आणि वारा मोजण्यातल्या चुकीची किंमत खर्चाच्या सहाऐवजी सात टक्के होते.